जेहान दारूवाला : बापाची गाडी की पोराचा पाय?

जेहान दारूवाला हे नाव काढलं की आपल्या होस्टेलवर लगेच दोन पार्ट्या पडतात. (आडनावावर हसून झालं असेल तर पुढे जाऊ. पारशांची आडनावं बऱ्याचदा धंद्यावरून पडलेली असतात आणि हा मुलगा मुंबईचा पारशी आहे. आमच्या रेक्टर मॅडमनी मात्र दारावरचं पोस्टर फक्त आडनाव वाचून काढायला लावलं होतं!) पहिली पार्टी म्हणते, "बापाच्या पैशावर गाड्या फिरवल्या, दुसरं केलं काय त्यानं?" दुसरी म्हणते, "भारतीय म्हणून डावललं हो त्याला, नाहीतर आज एफ-वनमध्ये दिसला असता." मेसमध्ये, चहाच्या टपरीवर, अगदी व्हायव्हाच्या रांगेतसुद्धा हा वाद मी ऐकलाय. दोन्हीकडचे लोक सारख्याच जोरात बोलतात आणि दोन्हीकडे आकडे सारखेच कमी असतात. इंजिनिअरिंगच्या पोरापोरींना हे शोभत नाही, म्हणून हा लेख.

ज्यांना शर्यतीतलं काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. जेहानचा जन्म १९९८ चा, मुंबईचा. २०११ मध्ये विजय मल्ल्यांच्या फोर्स इंडिया संघाने 'वन फ्रॉम अ बिलियन' नावाची शोधमोहीम घेतली. देशभरातल्या कार्टिंग करणाऱ्या पोरांतून तिघे निवडले, त्यातला एक जेहान. पुढे तो युरोपात गेला. २०१७ मध्ये कार्लिन संघाकडून युरोपियन फॉर्म्युला थ्री. २०१९ मध्ये प्रेमा या इटालियन संघाकडून एफआयए फॉर्म्युला थ्री, आणि सीझनअखेर तिसरा नंबर. मग फॉर्म्युला टू, म्हणजे एफ-वनच्या अगदी खालची पायरी. तिथे त्याने चार सीझन काढले. २०२० मध्ये बारावा, २०२१ मध्ये सातवा, २०२२ मध्ये पुन्हा सातवा, २०२३ मध्ये अकरावा. यातली पहिली तीन वर्षं तो रेड बुलच्या ज्युनिअर ड्रायव्हर्समध्ये होता. जून २०२२ मध्ये सिल्व्हरस्टोनला त्याने मॅकलॅरेनची आदल्या वर्षीची खरीखुरी एफ-वन गाडी दोन दिवस चालवली. २०२४ मध्ये फॉर्म्युला ई या इलेक्ट्रिक गाड्यांच्या मालिकेत मासेराटीकडून एक सीझन झाला आणि त्यानंतर ती सीटही गेली. एफ-वनमधल्या शर्यती : शून्य. नारायण कार्तिकेयन २०१२ मध्ये थांबला, त्यानंतर एकाही भारतीयाने एफ-वनची शर्यत केलेली नाही.

आता पहिल्या पार्टीकडे वळते, कारण तिचा आवाज मोठा आहे.

पैसा होता का? होता. वडील खुर्शेद दारूवाला हे स्टर्लिंग अँड विल्सनचे, सोलर प्लांट उभारणाऱ्या मोठ्या कंपनीचे. एफ-टूच्या एका सीझनचा खर्च वीस-पंचवीस कोटींच्या घरात जातो असं सगळीकडे लिहिलेलं असतं. सांगलीतल्या कुठल्या घरातून हे पैसे निघतील ते तुम्हीच सांगा. आपल्याकडे मुलाने कार्टिंग करतो म्हटलं तर घरचे आधी विचारतील की त्याला मार्क किती मिळतात. शेजारच्या कोल्हापूरचा कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत गेला, पण तोही खासदारांचा मुलगा. म्हणजे या खेळाच्या दारातच तिकीटखिडकी आहे, आणि तिकीट महाग आहे. हे कबूल न करता जेहानचं कौतुक करणं म्हणजे लबाडी.

पण पहिल्या पार्टीचं म्हणणं तिथेच थांबत नाही. तिचं म्हणणं असं, की पैसा होता म्हणजे बाकी सगळं खोटं. इथे मी अडते. निकी लाउडाने बँकेचं कर्ज काढून संघातली सीट विकत घेतली होती. आजच्या भाषेत 'पे ड्रायव्हर'च की! तोच लाउडा १९७५, १९७७ आणि १९८४ असा तीनदा जगज्जेता झाला. नारायण २००५ मध्ये जॉर्डन संघात गेला तेव्हा त्याच्या पाठीशी टाटा होते. आणि सगळ्यात ताजं उदाहरण म्हणजे २०२५ चा जगज्जेता लँडो नॉरिस. त्याचे वडील इंग्लंडमधले बडे धनाढ्य. नॉरिसला कुणी 'बापाचा पैसा' म्हणून मोडीत काढत नाही, कारण तो जिंकला. म्हणजे आपला आक्षेप पैशाला नसतोच, हरलेल्याच्या पैशाला असतो. जिंकलेल्याचा पैसा लगेच 'घरच्यांचा त्याग' होतो!

नॉरिसचं नाव मी मुद्दाम घेतलं. २०१७ मध्ये कार्लिन संघात नॉरिस आणि जेहान एकाच छताखाली होते. संघ तोच, गाडीचं मॉडेल तेच, दोघांचेही वडील श्रीमंत. नॉरिस चॅम्पियन झाला, जेहान सहावा. इथे पैसा दोन्ही बाजूंना आहे, म्हणजे समीकरणातून तो कटतो. उरतं काय, ते बघायचं.

मोटार रेसिंगमध्ये एक जुनं गृहीत आहे : तुमचा पहिला शत्रू म्हणजे तुमचा सहकारी. कारण जगात त्या एकाच माणसाकडे तुमच्यासारखी गाडी असते. आपल्या लॅबमध्ये एक व्हेरिएबल सोडून बाकी सगळे स्थिर ठेवतात ना, तसंच. त्यातून एफ-टूमध्ये तर सगळ्यांनाच सारखी गाडी. दलाराची चॅसी, मेकाक्रोमचं ३.४ लिटरचं टर्बो व्ही-सिक्स इंजिन, ६२० हॉर्सपॉवर, टायर पिरेलीचे. फरक पडतो तो सेटअपमध्ये, टायर जपण्यात, पिट स्टॉपला आणि ड्रायव्हरमध्ये. इतका स्वच्छ प्रयोग एफ-वनमध्येसुद्धा होत नाही.

तर मग सहकारी बघू. २०२० मध्ये कार्लिनमध्ये जेहानच्या शेजारी होता जपानचा युकी त्सुनोडा. दोघेही एफ-टूमध्ये नवे, दोघेही रेड बुलचे. सीझनअखेर त्सुनोडा तिसरा, २०० गुण. जेहान बारावा, ७२ गुण. पुढच्या वर्षी त्सुनोडा एफ-वनमध्ये अल्फाटौरीच्या गाडीत बसला. गंमत म्हणजे त्याच्या आदल्याच वर्षी, २०१९ च्या फॉर्म्युला थ्रीमध्ये, जेहान तिसरा होता आणि हाच त्सुनोडा नववा! जेहानची बाजू घेणारे हे वाक्य तोंडपाठ करून बसलेत. पण तेव्हा जेहान प्रेमाच्या गाडीत होता आणि त्सुनोडा येंझर नावाच्या छोट्या संघात. म्हणजे २०१९ चा तो नंबर काही प्रमाणात प्रेमाचा होता. रेड बुलच्या लोकांना हे दिसत नव्हतं असं समजणं म्हणजे जरा जास्तच भोळेपणा.

२०२१ मध्ये सहकारी डॅन टिक्टम. तो चौथा, जेहान सातवा. २०२२ मध्ये डेनिस हाउगर, आणि इथे जेहान वरचढ : तो सातवा, हाउगर दहावा. २०२४ च्या फॉर्म्युला ईमध्ये सहकारी मॅक्स ग्युंटर, ज्याने त्याच गाडीने टोकियोची शर्यत जिंकली. जेहानच्या वाट्याला त्या वर्षी एकही विजय नाही. मासेराटीने पुढे काय केलं ते वर लिहिलंच आहे.

आता दुसरी पार्टी उठून उभी राहिली असेल. "मग ते डावलल्याचं काय?"

या पार्टीचाही एक मुद्दा खरा आहे आणि तो मोठा आहे. २०२५ पर्यंत एफ-वनमध्ये दहा संघ होते, म्हणजे वीस सीट. (२०२६ पासून कॅडिलॅक आल्यामुळे बावीस.) आपल्या कॅम्पसला येणारी सगळ्यात मोठी कंपनीसुद्धा यापेक्षा जास्त पोरं उचलते! त्या वीस जागांपैकी दर वर्षी दोन-तीन रिकाम्या होणार, आणि त्यावर जगभरातले ड्रायव्हर टपून बसलेले. आधी सुपर लायसन्स लागतं, त्यासाठी तीन वर्षांत चाळीस गुण. एफ-टूमध्ये पहिल्या तिघांत आलात की चाळीस एकदम मिळतात, त्याखाली ते भराभर कमी होत जातात. पण लायसन्स मिळालं म्हणजे सीट मिळाली असंही नाही. २०२१ चा चॅम्पियन ऑस्कर पियास्ट्री, त्याला एक वर्ष बाहेर बसावं लागलं. त्याच सीझनला तिसरा आलेला चीनचा झोउ ग्वानयू मात्र लगेच अल्फा रोमिओत गेला. २०२२ चा चॅम्पियन फेलिपे ड्रुगोविच, त्याला सीट नाही. चौथा आलेला अमेरिकन लोगन सार्जंट विल्यम्समध्ये. २०२३ चा चॅम्पियन तिओ पुर्शेर, त्यालाही नाही. आणि २०१९ च्या फॉर्म्युला थ्रीमधले प्रेमाचे ते तिघे आठवा. पहिला श्वार्ट्झमन, दुसरा आर्मस्ट्राँग, तिसरा जेहान. तिघांपैकी एकानेही एफ-वनची शर्यत केलेली नाही. एक जण रशियात वाढलेला, एक न्यूझीलंडचा, एक मुंबईचा. सगळ्यांना भारतीय म्हणून डावललं का?

म्हणजे हे दार अरुंद आहे आणि त्यात देश, बाजारपेठ, प्रायोजक, ओळखी हे सगळं चालतं. पण ज्याच्यावर अन्याय झाला असं म्हणायचं त्याने आधी ड्रुगोविचसारखं काहीतरी करून दाखवायला हवं. चॅम्पियन होऊन जागा न मिळणं हा अन्याय. सातवा येऊन जागा न मिळणं हा निकाल. वाक्य कठोर वाटेल, पण नाइलाज आहे.

आता ज्यावर सगळ्यात जास्त भांडण होतं त्या २०२२ कडे येते. त्या वर्षी जेहान चॅम्पियन होऊ शकला असता का?

सीझन सुरू होण्याआधी मी म्हटलं असतं की हो, नक्की. कारण साधं होतं. तो प्रेमामध्ये गेला होता. एफ-टूमध्ये प्रेमाची सीट म्हणजे काय, तर २०१७ चा चॅम्पियन लक्लेर प्रेमाचा, २०२० चा मिक शूमाकर प्रेमाचा, २०२१ चा पियास्ट्री प्रेमाचा. शिवाय हा जेहानचा तिसरा सीझन, म्हणजे ट्रॅक पाठ आणि टायरही कळलेले. (२०२० मध्ये एफ-टूने अठरा इंची चाकं आणली, एफ-वनच्या दोन वर्षं आधी. त्यामुळे त्याचं पहिलं वर्ष सगळ्यांसाठीच टायर शिकण्यात गेलं, त्यात कोविडने वेळापत्रक दाबून टाकलेलं. एवढी सूट मी त्याला २०२० साठी देते.) रेड बुलचं पाठबळ होतं. यापेक्षा चांगली पत्ती हातात पडत नाही.

आणि ते वर्ष कुणाचं निघालं? ड्रुगोविचचं. हा ड्रुगोविच २०२१ मध्ये आठवा होता, म्हणजे जेहानच्या एक नंबर मागे! त्याचाही तिसरा सीझन. तो प्रेमात नाही गेला, तर एमपी मोटरस्पोर्ट या आपल्या जुन्या संघात परत आला, ज्या संघाला तोवर कुणी चॅम्पियनचा संघ म्हणत नव्हतं. त्याने त्या वर्षी पाच शर्यती जिंकल्या. बार्सिलोनाला तर शनिवारी आणि रविवारी, दोन्ही दिवशी. मोनॅकोची मुख्य शर्यत त्याची, झांडवोर्टची त्याची. संघांचं अजिंक्यपदही प्रेमाकडून एमपीकडे गेलं. जेहानने त्या वर्षी एकच शर्यत जिंकली.

प्रेमाची गाडी त्या वर्षी तितकी चांगली नव्हती, असं त्याच्या बाजूने म्हणता येतं, आणि हाउगरचा दहावा नंबर त्याला पुरावा आहे. मला ते पटतं. पण चॅम्पियनशिप मिळाली नाही हे गाडीने समजावता येईल, सातवा नंबर पूर्ण समजावता येत नाही. एफ-टूचा हिशोब असा आहे, की शनिवारच्या स्प्रिंटमध्ये जिंकलात तर दहा गुण आणि रविवारच्या मुख्य शर्यतीत जिंकलात तर पंचवीस. शनिवारी वरचे दहा जण उलट्या क्रमाने उभे करतात, म्हणजे क्वालिफाइंगमध्ये दहावा आलेला पहिला उभा राहतो. तिथे जिंकणं खोटं नसतं, पण चॅम्पियनशिप रविवारी ठरते. जेहान पोडियमवर येत राहिला, गुण साठवत राहिला आणि रविवारी दुसराच कोणीतरी जिंकत राहिला. आपल्याकडे असा विद्यार्थी प्रत्येक वर्गात असतो. सगळ्या विषयांत पासष्ट. नापास कधीच नाही आणि पहिलाही कधीच नाही.

तरी त्या एका विजयाबद्दल लिहायलाच हवं. मोंझा, सप्टेंबर २०२२, रविवारची मुख्य शर्यत. गोंधळाची, मोडतोडीची शर्यत, आणि त्यात डोकं शांत ठेवून जेहान पहिला. पण आदल्या दिवशी काय झालं होतं बघा. शनिवारच्या स्प्रिंटमध्ये ड्रुगोविच पहिल्याच लॅपला धडकून बाहेर पडला आणि तरीही त्याच दिवशी चॅम्पियन झाला, कारण पुर्शेरला गुण मिळाले नाहीत. रविवारी जेहान जिंकला तेव्हा सगळे पेपर ड्रुगोविचचे फोटो छापून मोकळे झाले होते.

असंच आधीही झालं होतं. डिसेंबर २०२०, बहारीनमधल्या साखीरचा छोटा बाहेरचा ट्रॅक. सुरुवातीच्या लॅप्समध्ये टिक्टम आणि मिक शूमाकरशी चाकाला चाक लावून जेहान भिडला आणि जिंकला. एफ-टूची शर्यत जिंकणारा पहिला भारतीय! आणि त्याच शर्यतीत मिक शूमाकर मागे अठरावा येऊनसुद्धा चॅम्पियन झाला. जगभर हेडलाइन एकच : शूमाकरचा मुलगा जिंकला. शर्यत कोण जिंकलं हे तिसऱ्या परिच्छेदात. मी तेव्हा साताऱ्यात नववीत होते, ऑनलाइन शाळा चालू होती. दुसऱ्या दिवशी पेपरमध्ये जेहानचा फोटो शोधला, मिळाला नाही. तेव्हापासून मी त्याची फॅन आहे, हे वाचकांनी लक्षात ठेवावं आणि माझ्या मतातून तेवढं वजा करावं.

आता जरा आपल्या मुलखात येऊ, कारण शर्यत आणि ड्रायव्हर हे शब्द सातारा-सांगलीला नवे नाहीत. डिसेंबर २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने बैलगाडा शर्यतींना परवानगी दिली, मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला, आणि आपल्याकडे पुन्हा मैदानं भरू लागली. जुन्नर-खेडकडे घाटात गाडे पळतात, आपल्याकडे सपाट मैदानावर छकडा, आणि छकड्यावर माणूस. त्याला गावात ड्रायव्हरच म्हणतात, 'चालक' बिलक कोणी म्हणत नाही. कोर्टात बैलांच्या हालाचा प्रश्न होता, तो अजून माझ्या मनातून गेलेला नाही. पण त्याचा वाद दुसऱ्या लेखात घालू. मला सांगायचं ते वेगळं आहे. मैदानात भोंग्यावर आधी बैलाचं नाव, मग मालकाचं, मग ड्रायव्हरचं. लाखालाखांचे बैल मालकाचे, ड्रायव्हरचे नव्हेत. त्यामुळे गट पास झाला तर ड्रायव्हर चांगला की बैल चांगला यावर पारावर रात्रभर वाद झडतो, पण 'ड्रायव्हरच्या बापाकडे पैसा किती' हा प्रश्न कुणाच्या डोक्यातही येत नाही. युरोपातल्या ज्युनिअर रेसिंगमध्ये मात्र मालक आणि ड्रायव्हर बऱ्याचदा एकाच घरात राहतात. त्यामुळे आपल्याला कुणाचं श्रेय कुणाला द्यायचं तेच कळेनासं होतं.

हा गोंधळ आपण फक्त जेहानबद्दल करतो असं नाही. आपल्या बाहाच्या टीमने गेल्या वर्षी ड्रायव्हर निवडला तेव्हा काय कुजबुज झाली ती सगळ्यांना माहीत आहे. "त्याच्या घरी थार आहे, शेतात फिरवून शिकला." बरोबर आहे, शिकला. मी स्टॉपवॉच घेऊन उभी होते. ग्राउंडच्या पाच फेऱ्यांत तो दुसऱ्यापेक्षा प्रत्येक वेळी दीड-दोन सेकंदांनी पुढे होता. आता प्रश्न असा : थार नसती तर तो पुढे असता का? बहुतेक नसता. पण पिथमपूरच्या ट्रॅकवर आपली गाडी कोणाच्या हातात द्यायची? ज्याच्या घरी थार नाही त्याच्याविषयी वाईट वाटून त्याला द्यायची? माझं उत्तर आहे की यंदा वेगवान आहे त्याला द्या, आणि पुढच्या वर्षासाठी बाकीच्यांना जुनी गाडी दर रविवारी चालवायला द्या. पेट्रोलचे पैसे टीमच्या फंडातून. दुसऱ्या भागाचं नाव काढलं की मीटिंग संपते, ही गोष्ट वेगळी.

आणि मी स्वतः? मी कॉन्व्हेंटची. "तुझं काय बाई, जीडी तुझी बसल्या बसल्या क्लिअर," हे मी दर आठवड्याला ऐकते. आधी राग यायचा. आता हिशोब करते. जीडीत मला फायदा आहे का? शंभर टक्के आहे. बारा वर्षं इंग्रजीत भांडायची सवय आहे, ती उगाच जाणार नाही. टेक्निकल राउंडला थर्मोचा प्रश्न आला की मात्र सिस्टरांनी शिकवलेलं ग्रामर कामाला येत नाही. पण याहून मोठा फायदा वेगळाच आहे आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. समजा या वर्षी माझं प्लेसमेंट झालं नाही, तर घरचे म्हणतील, एक वर्ष गेटचा अभ्यास कर. माझ्या रूममेटच्या घरी ते शक्य नाही. तिच्या धाकट्या भावाची फी तिच्या पगारातून जायची आहे. तिला एकच चान्स. मला तीन, कदाचित चार.

जेहानच्या पैशाने नेमकं हेच विकत घेतलं, असं माझं मत आहे. वेग नाही, चान्स. एफ-टूमध्ये पहिल्या सीझनला बारावा आलेला साध्या घरातला मुलगा बहुतेक तिथेच संपला असता. ओकॉनच्या आईवडिलांनी घर विकलं होतं, हॅमिल्टनचे वडील एकाच वेळी अनेक नोकऱ्या करत होते. अशा घरांत दुसरा आणि तिसरा सीझन हा शब्दच नसतो, पहिल्याच वर्षी डोळे दिपवावे लागतात. जेहानला चार सीझन मिळाले. म्हणून 'बापाचा पैसा' म्हणणाऱ्यांना मी सांगेन, की पैशाने त्याला दाराशी चार वेळा उभं केलं, साखीर आणि मोंझाला पहिलं नाही आणलं. आणि 'डावललं' म्हणणाऱ्यांना सांगेन, की ज्याला चार वेळा संधी मिळाली आणि ज्याचा सगळ्यात चांगला नंबर सातवा आला, त्याच्यासाठी अन्याय हा शब्द वापरू नका. तो शब्द माझ्या रूममेटसारख्यांसाठी राखून ठेवा.

मग जेहान कोण? माझ्या मते जगातल्या पहिल्या पन्नास-साठ सिंगल सीटर ड्रायव्हर्सपैकी एक. पहिल्या वीसपैकी नाही. आपण या वाक्यातला दुसरा भाग ऐकतो आणि पहिला सोडून देतो, कारण आपल्याला एकतर जगज्जेता लागतो किंवा 'फेल्युअर'. मुंबईत एकही रेसिंग सर्किट नसताना, जवळचे मोठे ट्रॅक कोइम्बतूर, चेन्नई आणि नोएडाला असताना, हा पोरगा तेराव्या-चौदाव्या वर्षापासून परक्या देशात राहून, रेड बुलच्या चष्म्याखाली तीन वर्षं टिकला. कॉलेजच्या मैदानात स्टॉपवॉच धरून उभं राहिल्यावर मला एवढं नक्की कळलंय, की शेवटचे दोन-तीन दशांश सेकंद कुठून आणायचे हे कुठल्याच पुस्तकात नसतं. त्याला ते सापडले नाहीत. त्सुनोडाला सापडले असं वाटलं होतं, तर २०२५ अखेर त्याचीही सीट गेली.

आता हाच वाद कुश मैनीवर सुरू झालाय, म्हणून हे सगळं लिहून ठेवलं. कुश बंगळूरचा, वडील उद्योजक, म्हणजे पहिल्या पार्टीचं भाषण तयारच आहे. मे २०२५ मध्ये मोनॅकोला त्याने शनिवारची स्प्रिंट जिंकली, एफ-टूमध्ये तिथे जिंकणारा पहिला भारतीय, आणि दुसऱ्या पार्टीने होस्टेलवर पेढे वाटले (साताऱ्याचे कंदी, मीही दोन खाल्ले). दुसऱ्या दिवशी मुख्य शर्यत जिंकली ती जॅक क्रॉफर्डने. तो कुशचाच सहकारी, त्याच डॅम्स संघाचा.